झाडीपट्टीचा ऑर्गन आणि गेममधला वाघ

प्रश्न : मी देसाईगंज तालुक्यातल्या एका गावात राहतो. बारावी सायन्सला आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात सुट्टीच्या रात्री झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतो. मोबाइलवरच्या गेममधलं संगीत ऐकून वाटतं, हे आपल्याला जमेल. बाबा म्हणतात, गेमानं पोट भरते का? सर, सुरुवात कुठून करू?

उत्तर : मित्रा, खलनायकाला यायला उशीर झाला की तू तोच तुकडा आणखी एक आवर्तन ओढतोस. नायिकेला हुंदका फुटला की तबला थांबतो आणि नुसता सूर उरतो. कुणी खूण करत नाही, तुझे डोळेच रंगमंचावर असतात. गेमच्या संगीताचं मर्म नेमकं हेच आहे. सिनेमात प्रसंग किती सेकंदांचा, हे आधी ठरलेलं असतं. गेम खेळणारा मात्र एका झुडपापाशी वीस मिनिटं घुटमळेल, नाहीतर वीस सेकंदांत पुढं पळेल. आणि तिथं ऑर्गनवर तू बसलेला नसशील. म्हणून ‘आता ओढ, आता थांब’ हे सगळं आधीच तुकड्यांत आणि नियमांत बांधून ठेवावं लागतं. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच उतरते सूर होते. शत्रूंची चाल वाढली की त्या सुरांचीही लय वाढायची. तेवढ्यानं खेळणाऱ्याची धडधड वाढत असे.

परीक्षा झाली की एकच प्रसंग कर. पहाटेचं जंगल, खेळणारा मोहफुलं वेचतोय, जवळपास वाघ आहे. लय मिनिटाला ८० मात्रांची धर. तीनतालाची चार आवर्तनं म्हणजे ६४ मात्रा, बरोबर ४८ सेकंद. एवढ्याच लांबीचे चार थर वेगवेगळे रेकॉर्ड कर, चारही एकाच पट्टीत. पहिला थर म्हणजे सा-प धरून ठेवलेला ऑर्गन. दुसऱ्यात बासरीची धून, पण चारपैकी दोनच आवर्तनांत. बाकी जागा मोकळी सोड, नाहीतर दहाव्या फेरीला कान विटतात. तिसऱ्यात डग्ग्याचा संथ ठोका. चौथ्यात वरच्या सप्तकातला कोमल रिषभ, खालच्या षड्जाला घासत राहणारा.

आता नियम. वाघ ६० मीटरच्या आत आला की बासरी चार सेकंदांत विरून जाऊ दे. धून गेली हे खेळणाऱ्याला सांगता येणार नाही, पण त्याचा हात थबकेल. सगळ्या नियमांत मला हाच बदल महत्त्वाचा वाटतो, कारण नवशिके भीती दाखवायची म्हटलं की आवाज वाढवतात. ३० मीटरवर ठोका सुरू कर, १५ वर कोमल रिषभ. वाघ लांब जाताना मात्र ठोका ३० वर बंद करू नकोस, ४० वर कर. दोन्ही आकडे एकच ठेवले आणि वाघ त्याच रेषेवर रेंगाळला, तर ठोका चालू-बंद, चालू-बंद होत राहतो आणि सगळा भाव मोडतो. ठोका बंद व्हायचा तोही समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. वाघानं झडप घातली तर मात्र समेची वाट पाहायची नाही, तो आघात त्याच क्षणी वाजला पाहिजे.

हे जोडायला गोडो हे गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) फुकट आहे. त्याच्या ४.३ आवृत्तीपासून थर एकत्र वाजवायची आणि तालावर तुकडा बदलायची सोय आतच आहे. स्टुडिओंत एफमॉड आणि वाइज ही गेममध्ये आवाज बसवायची सॉफ्टवेअर चालतात. शिकायला तेही फुकट मिळतात. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघ, नंतर त्याचा स्वस्त परवाना ६० डॉलरचा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड कर. पंखा बंद, दार बंद, माइक ऑर्गनपासून हातभर लांब. हेडफोन वायरचाच घे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो आणि वाजवताना हात चुकतो.

पहिल्या वेळी काय बिघडेल तेही सांगतो. तुकडा पुन्हा सुरू होताना ‘टक्’ होईल, कारण शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापली गेली. तुकडा सलग दोनदा वाजवून दुसरी फेरी तेवढी काढून घे, म्हणजे पहिल्या फेरीची आस तिच्या सुरुवातीला आपोआप मिसळलेली असते. फाइल एमपीथ्री करू नकोस, त्यात टोकाला बारीकशी शांतता चिकटते आणि जोड उघडा पडतो. त्याऐवजी ऑग या प्रकारची फाइल ठेव. चारही थर एकदम वाजले की आवाज फाटेल, म्हणून प्रत्येकाचं शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ डेसिबलच्या खाली ठेव. आणि डग्गा हेडफोनवर घुमेल, पण मोबाइलच्या स्पीकरवर गायब होईल. आपल्याकडचे बहुतेक जण मोबाइलवरच खेळतात, तेव्हा ठोक्याला लाकडाची टकटक जोड.

शिक्षणाचं म्हणशील तर फिजिक्स सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला कुठलीही पदवी चालते, पण बारावीला फिजिक्स लागतं. तोवर वडसा, ब्रह्मपुरी किंवा नागपूर, घराला परवडेल तिथं पदवी घे. जोडीला गोडोमधलं थोडं प्रोग्रॅमिंग शीक. नुसती चाल बांधणारे पुष्कळ आहेत. चाल बांधून ती गेममध्ये स्वतः बसवून देणारा छोट्या स्टुडिओला हवा असतो, कारण त्यांना दोन माणसं परवडत नाहीत.

बाबांची काळजी रास्त आहे. नुसत्या गेम-संगीतावर पहिली काही वर्षं घर चालणं कठीण. काम तुकड्या-तुकड्यानं येतं, पैसे उशिरा येतात. म्हणून पदवी पूर्ण करायची, नाटकाचा हंगामही सोडायचा नाही. पहिल्या कामापासून व्यवहार लेखी ठेव, अर्धे पैसे आगाऊ घे. नाटकात आपण सिनेमाच्या चाली सर्रास उचलतो. गेममध्ये तसं केलंस तर कॉपीराइटचा दावा लागेल.

वाघाचा प्रसंग तयार झाला की खेळतानाचा ९० सेकंदांचा व्हिडिओ काढ, कोपऱ्यात वाघाचं अंतर दिसू दे. मग इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम जॅम, म्हणजे थोड्या दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धा, चालतात, त्यांत संगीतवाला हवा असलेली टोळी शोध आणि त्यांना हाच व्हिडिओ पाठव. आणि त्याआधी तो प्रसंग बाबांना खेळायला दे. बासरी थांबते तिथं त्यांचा हात थबकतो का, तेवढं बघ. नाही थबकला तर बासरी आणखी सावकाश विरू दे, चारऐवजी सहा सेकंदांत.