जर्मनीला येतोयस आणि गोळ्या चालू आहेत, तर

तुझा प्रश्न वाचला, डिप्रेशनच्या गोळ्या दोन वर्षं चालू आहेत, स्टुटगार्टची ऑफर हातात आहे, कंपनीला सांगू का, आणि आई म्हणते कुण्णाला कळू देऊ नकोस. वयाने बराच लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. व्हिसा, ब्लू कार्ड वगैरे सगळं साइटवर आहे, ते लिहीत बसत नाही.

इंटरव्ह्यूत सांगू नकोस. आजारामुळे ते कामच जमणार नसेल तर गोष्ट वेगळी, तुझं तसं नाहीये, त्यामुळे त्यांना विचारायचा हक्कच नाही. प्रोबेशनचे सहा महिने तर चकार शब्द काढू नकोस, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात आणि कारणही द्यावं लागत नाही. भेदभावाविरुद्ध २००६ चा कायदा आहे, पण त्यात अपंगत्व येतं, नुसता आजार येईलच असं नाही, आणि कारणच दिलं नाही तर तू सिद्ध काय करणार कप्पाळ.

डॉक्टरला मात्र सगळं सांग. पुण्याच्या डॉक्टरकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, आपले ब्रँड इथे कुणाला कळत नाहीत. थेरपिस्टकडे महिनोन्‌महिने वेटिंग असतं, ११६११७ या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटच्या हेल्पलाइनला फोन केलास तर पहिली भेट मिळते, पुढचं तुझं नशीब. पुण्याची काउन्सेलर ऑनलाइन चालू ठेव, रडायला बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलचं जर्मन पुरत नाही. आणि पगार चांगला असेल तर प्रायव्हेट इन्शुरन्सचे एजंट मागे लागतील, त्या फॉर्मवर जुनी ट्रीटमेंट विचारतात, खरं लिहिलंस तर नाकारतात किंवा हप्ता वाढवतात, खोटं लिहिलंस तर पुढे अंगाशी येतं. सरकारी व्यवस्थेतलाच घे.

आजारपणाचा दाखला २०२३ पासून डॉक्टर परस्पर इन्शुरन्सला पाठवतो, कंपनी तिथून घेते, त्यात फक्त तारखा असतात, आजार नसतो. पहिला महिना झाला की पुढे एका आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, मग इन्शुरन्सकडून ग्रॉसच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्याच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. मी दाखला पिवळ्या कागदावर मिळायचा त्या काळातली. त्यावरही आजार नसायचा, पण डॉक्टरचा शिक्का असायचा आणि माझ्या डॉक्टरच्या शिक्क्यावर सायकियाट्री असं स्वच्छ छापलेलं. एचआरच्या बाईने तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला, आणि मग मला कॉफी हवी का विचारलं.

कामावर परत गेले ते हाम्बुर्ग मॉडेलने, म्हणजे आधी रोज थोडे तास, मग वाढवत न्यायचं. कुणी वेडी म्हटलं नाही रे, उलट सगळे इतके गोड वागले की काय सांगू. फक्त माझं गाडीच्या ब्रेकचं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं, मीटिंगच्या इन्व्हाइट येईनात, विचारलं की मॅनेजर म्हणायचा, तू आधी नीट बरी हो, घाई नाही. मी बरी होऊन कितीतरी दिवस झाले तरी तेच. तक्रार काय करणार, तो तर काळजी करत होता! याच्यापेक्षा आपल्या मंडळातल्या वहिनी परवडल्या, गणपतीत तोंडावर म्हणाल्या, घरबसल्या पगार, मजा आहे बुवा.

त्याच वर्षी लेक चौथीत. इथे चौथीनंतर शाळा शिफारस करते, मूल गिम्नाझियुमला, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत जावं की रेआलशूलेला, म्हणजे त्याखालच्या. तिने वर्गात सांगितलेलं की आई दिवसा झोपून असते. मार्क चांगले असूनही बाई म्हणाल्या, घरची परिस्थिती बघता तिला जास्त ताण नको. आमच्या राज्यात तेव्हा शिफारस बंधनकारक नव्हती, आम्ही गिम्नाझियुमलाच घातलं, छान चाललंय तिचं. तरी त्या बाई बाजारात दिसल्या की मी रस्ता बदलते.

रॉबर्ट एन्केचं नाव ऐकलं असशील, हानोव्हर ९६ या फुटबॉल क्लबचा गोलकीपर, २००९ मध्ये जीव दिला. डिप्रेशन लपवलेलं, करिअर जाईल ही भीती आणि कळलं तर दत्तक घेतलेली मुलगी काढून घेतील ही भीती. दुसऱ्या दिवशी बायकोने पत्रकारांसमोर सगळं सांगितलं. आमच्या ऑफिसात मानसिक आरोग्याचं सेशन झालं तेव्हा त्याचा फोटो दाखवला, सगळे गंभीर वगैरे झाले, माझा मॅनेजर तर सगळ्यात जास्त. शाळेतल्या त्या मीटिंगनंतर मुलगी काढून घेतील ही त्याची भीती मला फार आतून कळली होती.

एकटेपणाचं विचारलंस, तर येतो आणि जातो, रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जरा जास्त. त्याचा बाऊ करू नकोस.

सहा महिन्यांनंतर सांगायचं का, हे मला विचारू नकोस. मी नोकरी बदलली, नव्या ठिकाणी कुणालाही माहीत नाही, गुरुवारी थेरपी असते आणि कॅलेंडरवर फिजिओ लिहिलेलं असतं. पाठ कशी आहे विचारतात, मी म्हणते बरी आहे. आईला सांग, बाहेर नाही सांगणार, पण डॉक्टरला सांगणार. गोळ्या तीन महिन्यांच्या घेऊन ये, चिठ्ठी हँडबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.