खिडक्या नंतर, आधी डोळे किलकिले कर

चित्राचा फोटो बघितला, आणि ॲक्रिलिक सोडून ऑइलकडे वळू का हा तुझा प्रश्नही वाचला. नको वळूस. घर चिकटवल्यासारखं दिसतंय त्यात रंगाचा काही दोष नाहीये. तू आधी खिडक्या काढल्यास, चौकटींसकट, मग कौलं, आणि झाडी शेवटी घराला वळसा घालत जपून जपून भरलीस, म्हणून छपराच्या कडेला ती पांढरट रेघ राहिलीये बघ.

डोळे किलकिले करून बघ. काय दिसतं? उन्हातली भिंत आणि पुढचं गवत एकच होऊन जातं. रंग वेगळे पण टोन, म्हणजे फिकं-गडदपणा, एक. पटत नसेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. साधारणपणे आकाश सगळ्यात फिकं, मग जमीन, आणि उभी झाडं सगळ्यात गडद. उन्हातली पांढरी भिंत कधीकधी आकाशालाही मागे टाकते, पण मागे झाडी गडद असेल तरच ना! तुझी झाडी गडद नाहीये, नुसती हिरवी आहे, थेट ट्यूबमधली. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना, म्हणजे तो तांबूस तपकिरी, मिसळ, जवळजवळ काळा होतो, सावली त्याची कर. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा मळकट हिरवा बाकीच्या झाडीला पुरतो.

आणि हो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. ओलं असताना बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून टोन ठरवायचा तो वाळलेल्या रंगावर, डोळे किलकिले करूनच. किती वेळा सांगू?

इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं 1816 चं ‘विव्हनहो पार्क’ बघ. घरमालकाने सांगून करून घेतलेलं चित्र, तरी घर केवढंसं, तळ्यापलीकडे झाडांच्या आडून डोकावणारं. मालकांना इस्टेटीतलं बरंच काही चित्रात हवं होतं, त्यासाठी त्याने दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पट्ट्या जोडल्या, पण घर लहानच ठेवलं.

माझ्या चित्रातल्या घरांना दारं नसतात अशी तक्रार असते लोकांची. एका प्रदर्शनात एकाने तोंडावर विचारलं, हे अर्धवट राहिलंय का? डोळे किलकिले केल्यावर मला दार दिसलंच नाही तर ते काय मी मनाने काढू? त्यापायी चित्रं कमी खपली असतील, खपू देत कमी. वाईट याचंच वाटतं की तुझ्या वयात मला हे सांगणारं कोणी नव्हतं, तुला सांगणारं आहे तर निदान ऐक तरी.

नवीन कॅनव्हास आणू नकोस. हाच घे. वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याने उठत नाही, तेव्हा मोठ्या चपट्या ब्रशने त्यावरच गडद झाडी चढव, घराच्या कडा झाकल्या गेल्या तरी जाऊ देत, भिंत त्यावरून परत रंगवून कड नीट करता येते. ऑइलमध्ये यासाठी कित्येक दिवस वाट बघावी लागली असती. पानांमधून दिसणारं आकाश मात्र खऱ्या आकाशापेक्षा किंचित गडद ठेव, नाहीतर तिथे कागदाचे कपटे चिकटल्यासारखे दिसतात. बारीक ब्रश तूर्तास कपाटात टाक, आणि झाडी झाली की घराला हात लावायच्या आधी मला फोटो पाठव.