पडद्यावरचा उजेड, घरची खोली

प्रश्न : आवडत्या सिनेमातली दृश्यं थांबवून स्क्रीनशॉट साठवते. तशाच रंगाचा फिल्टर माझ्या फोटोंना लावला की फोटो नुसते रंगवल्यासारखे दिसतात. कुठे चुकतंय? (वाचक, सांगली)

उत्तर : रंग सगळ्यात शेवटी यायला हवा, तुम्ही सुरुवातच तिथून करताय. उजेड कुठून आला हे फिल्टरला बदलता येत नाही. स्क्रीनशॉट आधी कृष्णधवल करा आणि नाकाची सावली बघा. ती ज्या गालावर पडली असेल त्याच्या विरुद्ध बाजूला दिवा. सावलीची कड धारदार असेल तर दिवा लहान किंवा थेट ऊन. कड विरत गेली असेल तर मोठी खिडकी, आभाळ किंवा पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड. चेहरा जवळून असेल तर बुबुळातल्या चमकेत खिडकीचा आकारही सापडतो. टेबलाचा वरचा पृष्ठभाग किती दिसतो, त्यावरून कॅमेऱ्याची उंची कळते. हे सगळं वहीत उतरवा आणि मगच कॅमेरा हातात घ्या.

सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) यासाठी उत्तम आहे. बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या अंगणात उजेड वरच्या आभाळातून झिरपतो, तर स्टुडिओतल्या दिव्यांचा थेट प्रकाश ठिकठिकाणी सावल्या पाडतो. म्हणून छायालेखक सुब्रत मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिव्यांचा झोत त्यावर मारला. कापडच आभाळ झालं.

घरी डबलबेडची पांढरी सुती चादर डोक्यावर सात फुटांवर ताणून बांधा. दोन एलईडी दिवे खालून तिच्याकडे वळवा. दिवा कापडापासून निदान दोन फूट लांब असू द्या, नाहीतर उजेडाचा एकच डाग पडतो आणि सावली पुन्हा टोकदार होते. चादर नीळ घातलेली असेल तर चेहऱ्यावर निळसर झाक येते, जुनी असेल तर पिवळट. म्हणून त्याच उजेडात कोरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी) लावून घ्या. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि स्वस्त दिवे तिच्या तालावर लुकलुकतात.

प्रश्न : गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मधल्या ‘वक़्त ने किया’ गाण्यातला तो उजेडाचा झोत घरी जमेल का? उदबत्ती लावून पाहिलं, झोत दिसतच नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : जमतो. १९५९च्या या सिनेमात छायालेखक व्ही. के. मूर्तींनी दोन आरशांवरून ऊन परतवून ते स्टुडिओत आणलं होतं. कारण साधं आहे : दिवा जवळ असल्यामुळे त्याचा प्रकाश पसरत जातो, सूर्याचे किरण मात्र जवळजवळ समांतर येतात आणि झोत भिंतीपर्यंत रेखीव राहतो.

तुमचा झोत दिसला नाही, तो बहुतेक तुम्ही उजेड येतो त्याच बाजूला उभं राहून फोटो काढल्यामुळे. धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला उधळतात. म्हणून झोत कॅमेऱ्याकडे तिरका येईल असं उभं राहा आणि मागे गडद पडदा ठेवा. फिकट भिंतीवर झोत हरवतोच.

सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत दीड-दोन फुटी आरसा टेकवून ऊन खोलीत वळवा. बाकीच्या खिडक्या जाड चादरीने बंद करा. पंखा बंद. धूप दोन मिनिटं जळू द्या आणि मग उचलून बाहेर ठेवा. लगेच फोटो काढला तर धुराच्या वेटोळ्या दिसतात, एकसंध झोत नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ/८, शटर १/२५० इथून सुरुवात करा. एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, उजळलेल्या गालावर मोजा. कॅमेऱ्यावर सोपवलंत तर तो अंधार पाहून सगळं उजळवतो, चेहरा पांढरा पडतो आणि काळोख राखाडी होतो.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. आरशापासून पाच मीटरवर उजेडाचा ठिपका चार मिनिटांत साधारण नऊ सेंटिमीटर हलतो, म्हणजे डोळ्यांवरून कानावर जातो. आरसा हलवायला एक माणूस लागतोच. झोत थेट डोळ्यांत जाऊ देऊ नका. मान किंचित वळवून गालावर घ्या. आणि काम झालं की आरसा लगेच पालथा घाला.

प्रश्न : सिनेमासारखी लांबट चौकट हवी म्हणून फोटो वरून-खालून कापतो. डोकी कापली जातात. (वाचक, मडगाव)

उत्तर : काढतानाच जागा सोडा. सिनेमास्कोपचं, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाचं, २.३५ : १ हे रुंदी-उंचीचं प्रमाण धरलं तर ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत उंची २५५० च्या आसपास उरते, ३ : २ च्या मूळ चौकटीतली जवळपास ३६ टक्के उंची जाते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वर-खाली कागदी चिकटपट्टीच्या पट्ट्या लावून तेवढा भाग झाका. ‘कागज़ के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात एका कडेला माणूस आणि उरलेल्या रुंदीत रिकामा स्टुडिओ अशा चौकटी थांबवून बघा. माणूस मधोमध ठेवलात तर दोन्ही बाजू फुकट जातात. एका कडेला सरकवा आणि दुसऱ्या कडेला दार, दिवा किंवा खुर्ची असं काहीतरी ठेवा, ज्याच्याकडे तो पाहू शकेल.