वाचकांचे प्रश्न : 1.024 वर अडकलेली ट्रिपेल आणि एक्स्ट्रॅक्ट बिअरच्या इतर तक्रारी

प्रश्न : 20 लिटर ट्रिपेलसाठी (फिकट, कडक बेल्जियन बिअर) 4 किलो फिकट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची भुकटी), अर्धा किलो साखर आणि बेल्जियन यीस्टचं 11.5 ग्रॅमचं एक पाकीट वापरलं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता) 1.083 होती. गेले बारा दिवस ती 1.024 वरून हललेली नाही. चव गोड आणि जड लागते. आणखी यीस्ट टाकू, की बाटल्या भरू?

उत्तर : आत्ता दोन्ही नको. आधी आकडा खरा आहे का ते बघा. रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारं उपकरण) मोजलं असेल तर तो आकडा सोडून द्या, कारण अल्कोहोल तयार झालं की हे उपकरण चढं वाचन देतं. 19 ब्रिक्सने (या उपकरणाचं साखरेचं एकक) सुरू झालेली बिअर शेवटी 8.5 ब्रिक्स दाखवते. नेहमीच्या तक्त्यात त्याचे 1.034 होतात, पण खरी ग्रॅव्हिटी 1.013 च्या आसपास असते. हायड्रोमीटरच (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी नळी) वापरला असेल तर नमुना दोन भांड्यांत दहा-बारा वेळा ओतून त्यातला वायू घालवा. नळीला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात. तोच हायड्रोमीटर त्यावर लिहिलेल्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात 1.000 दाखवतो का, हेही एकदा तपासा.

आकडा खरा निघाला तर थोडं गणित करू. 20 लिटरमध्ये एक किलो ड्राय एक्स्ट्रॅक्ट ग्रॅव्हिटीत साधारण 18 गुणांची (1.018 म्हणजे 18 गुण) भर घालतं आणि एक किलो साखर 19 गुणांची. तुमचे 83 गुण आले ते असे : माल्टचे 73, साखरेचे 10. साखर पूर्ण आंबते. एक्स्ट्रॅक्टचं तसं नाही. त्यातल्या किती साखरा आंबतील हे कारखान्यात मॅश करतानाच (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढताना) ठरून जातं, आणि चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त गुण यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन्सच्या रूपात मागे राहतात. साखरेच्या अल्कोहोलने बिअर थोडी हलकी होते, ते धरूनही ही पाककृती 1.018 च्या फार खाली जाणार नव्हती. म्हणजे 1.024 मधले फार तर सहा गुण यीस्टने सोडलेत, बाकीचे पाककृतीतच होते.

ते सहा गुण खरोखर शिल्लक आहेत का, हे कळायला एक छोटी चाचणी पुरते. पाव लिटर बिअर निर्जंतुक केलेल्या बाटलीत काढा, त्यात चमचाभर कोरडं यीस्ट टाका (बेकरीचंही चालेल), तोंडावर फॉइल सैल ठेवा आणि बाटली 26–27 अंशांवर ठेवून येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांनी ग्रॅव्हिटी मोजा. तीही 1.023–1.024 असेल तर या माल्टमध्ये आंबण्याजोगं काही उरलेलं नाही. बिअर झाली आहे. नमुना 1.018 पर्यंत उतरला तर फर्मेंटरमधलं (आंबवण्याच्या भांड्यातलं) यीस्ट थकलंय. हा नमुना नंतर फेकून द्या, फर्मेंटरमध्ये परत ओतू नका.

यीस्ट थकलं असेल तर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. फर्मेंटर 24 अंशांपर्यंत गरम होऊ द्या, झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून तळाचा साका वर आणा आणि आठवडाभर थांबा. पुष्कळदा एवढ्याने काम होतं. नाही झालं तरच नवं यीस्ट, आणि तेही पाकीट फोडून थेट ओतायचं नाही. तुमच्या बिअरमध्ये आत्ता सुमारे 7.7 टक्के अल्कोहोल आहे. कोरडं यीस्ट त्यात पडलं की बहुतेक पेशी मरतात. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम ड्राय एक्स्ट्रॅक्ट दहा मिनिटं उकळा, 22 अंशांपर्यंत थंड करा, त्यात यीस्ट जागं करा. फेस जोरात वर आला की त्यात कपभर बिअर मिसळा, दोन तासांनी आणखी एक कप, आणि मग हे सगळं फेसाळतं असतानाच फर्मेंटरमध्ये घाला. फेस खाली बसेपर्यंत वाट पाहिलीत तर अर्धी ताकद गेली.

पुढच्या वेळी पाककृतीच बदला : 3.3 किलो ड्राय एक्स्ट्रॅक्ट आणि 900 ग्रॅम साधी पांढरी साखर. सुरुवात 1.078 ला, शेवट 1.011 ते 1.013 दरम्यान. ‘साखर म्हणजे भेसळ’ हा समज इथे मनातून काढून टाकायलाच हवा. बेल्जियममधल्या मठांच्या ट्रिपेल एवढी कडक असूनही अंगावर येत नाहीत त्या साखरेमुळेच. महागड्या फिकट कॅन्डी साखरेच्या खड्यांनी चवीत काही विशेष फरक पडत नाही. गडद डुबेल बिअरमधल्या काळ्या कॅन्डी सिरपची गोष्ट मात्र वेगळी, ते साखरेने भागत नाही. ट्रिपेलमधली साखर उकळताना न घालता आंबवण जोमात असताना, तिसऱ्या दिवशी, थोड्या पाण्यात उकळून थंड करून दिली तर यीस्ट आधी माल्टोजच्या (माल्टमधल्या साखरेच्या) कामाला लागतं. यीस्टची दोन पाकिटं घ्या. सुरुवात 18–19 अंशांवर करा, पहिले दोन दिवस तापमान चढू देऊ नका, मग रोज एकेक अंशाने 23–24 पर्यंत जाऊ द्या. उलट केलंत, म्हणजे आरंभी गरम आणि शेवटी गार, तर घशात जळजळणारी फ्यूझेल अल्कोहोल्स आधी तयार होतात आणि यीस्ट काम अर्धवट टाकून झोपतं.

प्रश्न : बेल्जियन ब्लाँड सोनेरी व्हायला हवी, पण तांबूस होते आणि शिळ्या काकवीसारखी चव येते. एक्स्ट्रॅक्टचा डबा ‘सर्वात फिकट’ असाच होता.

उत्तर : पातळ एक्स्ट्रॅक्ट डब्यात असतानाच महिन्यागणिक गडद होत जातं आणि ती शिळी चवही तिथूनच येते. ताज्या तारखेचा डबा घ्या, किंवा सरळ ड्राय एक्स्ट्रॅक्टकडे वळा. ते जास्त टिकतं. दुसरं कारण तुमच्या भांड्यात आहे. सगळं एक्स्ट्रॅक्ट थोड्या पाण्यात तासभर उकळलं की दाट वर्ट (न आंबवलेला माल्टचा द्राव) करपटत जातं. एक तृतीयांश सुरुवातीला घाला आणि उरलेलं शेवटच्या दहा मिनिटांत. प्रत्येक वेळी आच पूर्ण बंद करून, तळ खरवडत, सगळं विरघळल्यावरच पुन्हा पेटवा. पातळ वर्टमध्ये हॉप्सचा (बिअरला कडू करणारी फुलं) कडूपणा जास्त उतरतो, तेव्हा कडूपणाचे हॉप्स दहाएक टक्क्यांनी कमी करा.

प्रश्न : काही बाटल्या उघडताच कारंजं उडतं, काही अगदी मिळमिळीत. सगळ्या एकाच दिवशी भरल्या होत्या.

उत्तर : एकाच खेपेत दोन्ही टोकं दिसली तर साखर नीट मिसळली नव्हती, असं धरून चालायला हरकत नाही. 20 अंशांवर असलेल्या 20 लिटर बिअरला तीन व्हॉल्यूम वायूसाठी (बिअरच्या तिप्पट आकारमानाचा वायू) सुमारे 170 ग्रॅम साखर लागते. ती दोन कप पाण्यात उकळून आधी रिकाम्या बादलीत ओता, मग सायफनची नळी तळाशी वळवून बिअर वर सोडा आणि निर्जंतुक चमच्याने अलगद दोन-तीन वेढे द्या. एवढ्या दाबाला जाड काचेच्या बाटल्याच हव्यात. आठ टक्क्यांपुढच्या बिअरमध्ये भरताना 2–3 ग्रॅम ताजं यीस्ट दिलंत तर मिळमिळीत बाटल्यांची तक्रारही बहुतेक संपेल.

मात्र दाब सगळ्याच बाटल्यांत आठवड्यागणिक वाढत असेल तर ते धोक्याचं आहे. एका बाटलीतला वायू घालवून ग्रॅव्हिटी मोजा. भरतानाच्या आकड्यापेक्षा ती चार-पाच गुणांनी खाली असेल तर आत आंबवण चालू आहे. एक तर बिअर पुरती आंबण्याआधीच भरली गेली, नाहीतर आत डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट आहे. सेझॉन या बेल्जियन बिअरच्या बऱ्याच यीस्टमध्ये हा गुण असतो : ते स्वतःच डेक्स्ट्रिन्स तोडतं आणि महिनोन्महिने खात राहतं. चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच बाटल्या हाताळा, थंड करा, एकेक उघडून दाब सोडा. ज्या प्लॅस्टिकच्या फर्मेंटरमध्ये आणि नळीत सेझॉन केली ती दुसऱ्या बिअरसाठी वापरू नका. ओरखड्यांत लपलेलं यीस्ट धुऊन निघत नाही.

प्रश्न : बेल्जियन यीस्टला लवंगेसारखा वास येतो हे माहीत आहे, पण आमच्या बिअरला दवाखान्याचा वास येतोय.

उत्तर : लवंग हा यीस्टचाच गुण. जखमेच्या पट्टीचा, औषधी वास वेगळा. तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची बिअरमधल्या फिनॉल्स या वासाच्या संयुगांशी गाठ पडली की येतो. एक्स्ट्रॅक्टवाले उकळलेल्या वर्टमध्ये वरून नळाचं कच्चं पाणी घालतात आणि तिथेच फसतात. सगळ्या पाण्यात आधी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळा. त्याचीच अर्ध्या ग्रॅमच्या आतली एक कॅम्पडेन गोळी 70 लिटरपर्यंत पुरते, काही मिनिटांत काम होतं, आणि पाणी उकळल्यावरही न जाणारं क्लोरामाइनसुद्धा जातं. भांडी ब्लीचने धूत असाल तर तेही थांबवा. आता बिअरमध्ये बसलेला वास मात्र ठेवून जाणार नाही. ही खेप ओतून द्यावी लागेल.

प्रश्न : सेझॉन आठवड्यातच 1.035 वर थांबली. यीस्ट दुपाँ या बेल्जियन ब्रुअरीच्या जातीचं आहे.

उत्तर : हे यीस्ट तिथे थांबण्यासाठी प्रसिद्धच आहे. तापमान 30 अंशांपर्यंत न्या, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) काढून तोंडावर निर्जंतुक फॉइल सैल ठेवा आणि दोन-तीन आठवडे द्या. 1.005 च्या आसपास उतरून आठवडाभर तिथेच राहिली की मगच भरा.