मसाल्यांचे मुलूख का बदलतात?

प्रश्न : मिरी-वेलची भारताची, लवंग-जायफळ इंडोनेशियाचं, असं शाळेत शिकलो. आता व्हिएतनामची मिरी आणि ग्वाटेमालाची वेलची ऐकू येते. हे कसं घडलं? – एक वाचक

उत्तर : शाळेत शिकलात ते मूळस्थान. ते बदलत नाही, पीक मात्र फिरतं, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त ओढ त्या फिरण्याचीच आहे.

लवंग बघा. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची ही लवंग एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर रुजली आणि गुलामांच्या कष्टांवर वाढली. 1872च्या वादळाने तिथल्या बागा झोपवल्या, तरी झांझिबार पुन्हा उभं राहिलं. पुढे उलटंच झालं. लवंग घातलेल्या क्रेटेक सिगारेटींसाठी खुद्द इंडोनेशियाला झांझिबारहून लवंग आणावी लागे! मग त्यांनी घरीच प्रचंड लागवड केली आणि झांझिबारचं मोठं गिऱ्हाईक तुटलं.

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचं दुःख वेगळं. ज्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, तिथली बहुतेक झाडं 2004च्या आयव्हन वादळात पडली. जायफळाला फळ धरायलाच कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे असं नुकसान एका हंगामात भरून निघत नाही.

व्हिएतनाम 2000नंतर मिरीच्या निर्यातीत पुढे गेला. वेलचीबाबत एक सांगतो : ग्वाटेमालात ती फारशी खात नाहीत, जवळजवळ सगळी बाहेर जाते. भारतात बरीचशी घरीच खपते. म्हणून निर्यातीचा आकडा पाहून उत्पादन ठरवू नका.