एचएमटी धुताना स्पिरिट, पेट्रोल की नॅफ्था?

परभणीच्या भाऊंनी लिहिलंय की वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ त्यांनी स्पिरिटमध्ये धुतलं. आता ते जरा टिकटिक करून थांबतं आणि पॅलेटचा (चाकाला दात-दात अडवून सोडणारी छोटी तरफ) एक दगड तिरका दिसतो. वाचून राहवलं नाही, माझ्याकडच्या घड्याळाचंही असंच झालं होतं.

पॅलेटचे दोन्ही दगड आणि बॅलन्सच्या (मागेपुढे डोलणारं चाक) रोलरमधला, म्हणजे त्याच्या छोट्या चकतीतला, खडा लाखेने बसवलेले असतात. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, तीच ही लाख. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, म्हणून पॅलेट आणि बॅलन्सला कुठलंच अल्कोहोल नको, आयसोप्रोपिलसुद्धा. काहीजण म्हणतात अर्धं मिनिट चालतं. चालत असेल, मी नाही करणार. या दोघांना लायटरचं पेट्रोल, म्हणजे नॅफ्था. रॉकेलने तेलकटपणा जातो, पण त्याचा स्वतःचा थर मागे राहतो.

जुने घड्याळवाले पंपावरचं पेट्रोल वापरायचे, म्हणून तो सल्ला अजून फिरतो. पण आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे पुन्हा अल्कोहोलच, वर ते हवेतला ओलावाही ओढतं. आपल्याच उसाचं असलं तरी घड्याळात नको.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका केमिकलच्या दुकानाने. ९९ टक्के आयसोप्रोपिल म्हणून बिनलेबलच्या कॅनमधून ७० टक्केवालं ओतून दिलं. बाकीचं पाणी! लाख नसलेले भाग, म्हणजे प्लेट (ज्यावर सगळं बसतं तो पत्रा) आणि चाकं त्यात धुतली, तर पोलादी स्क्रू आणि पिनियनवर (चाकांच्या दांड्यांवरचे छोटे दाते) गंज. जाब विचारला तर "असंच येतं", बस्स. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, नवे सुटे भाग आता आणायचे कुठून? राग अजून गेला नाही. तेव्हापासून आधी तपासतो: थोड्या आयसोप्रोपिलमध्ये भरपूर मीठ टाकून हलवायचं. ७० टक्केवाल्यात दोन थर वेगळे होतात, ९९ वाल्यात मीठ तसंच तळाशी बसतं.

मी पेशाने घड्याळजी नाही, हा अनुभव चावीच्या एचएमटीपुरताच धरा. डायलला कुठलंच द्रव लावू नका. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात नॅफ्था बंद खोलीत उघडायचाच नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, कूलरच्या बटणाची ठिणगीही पुरते. सकाळी, ओट्यावर, झाकणाच्या काचेच्या बरणीत.

भाऊ, तिरका दगड फेविक्विकने चिकटवू नका. तो किती आत बसवायचा यावरच घड्याळाची चाल असते. लाखेचं काम येणाऱ्या एखाद्या जुन्या घड्याळवाल्याकडेच द्या.