डेकचे झाकण पायाखाली दबते, काय करावे?

प्रश्न: आमची फायबरची होडी वीसेक वर्षांची आहे. पुढच्या खणावरचे ६० × ७५ सेंमीचे झाकण पाय ठेवला की दबते आणि बिजागरीच्या स्क्रूंतून तांबूस पाणी येते. वरून भोके पाडून रेझिन ओतले की काम होईल, असे कारागीर म्हणतो. ओतावे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: ओतू नका. फायबरच्या दोन थरांमधला प्लाय कुजला आहे. ओले लाकूड रेझिन पीत नाही. रेझिन भोकाभोवती घट्ट होते, बाकीचा भुगा तसाच राहतो. होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर असताना मुरणारे गोडे पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजवते.

झाकण काढून नाण्याने ठोकत जा. बद्द आवाज येतो तिथे कूज आहे. तिथे खूण करा, पण ती खुणेच्या पुढेही निघतेच.

दुरुस्ती खालून करा, म्हणजे वरचा खरखरीत पृष्ठभाग शाबूत राहील. झाकणाला बाक असतो, म्हणून उपडे ठेवताना खाली वाळूच्या पिशव्यांचा आधार द्या. नाहीतर ते सपाट होऊन चौकटीत बसणार नाही. कडेने ४ सेंमी पट्टी सोडून ग्राइंडरने फक्त खालचा थर कापा. पट्टीखालचा कुजका प्लायही पटाशीने ओरबाडून काढा. मग उन्हात वाळवा. रात्री वर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव दिसले तर ओल आहे, थांबा. घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असले तरी लाकडाला इपॉक्सी रेझिन जास्त घट्ट धरते. सुमारे २ किलो पुरेल. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, वजन करून घाला. लवकर सुकावे म्हणून जास्त घातला तर इपॉक्सी मऊ राहते. एका वेळी २०० ग्रॅमच, पसरट भांड्यात कालवा. खोल डब्यात ते तापून हातातच घट्ट होते.

आयएस ७१० (भारतीय मानक) छापाच्या मरीन प्लायचे ६ मिमीचे दोन तुकडे घ्या. १२ मिमीचा एक तुकडा बाकावर वळत नाही. त्यांच्या कडांना दोनदा इपॉक्सी पाजा. झाकणाच्या वरच्या फायबर थराची आतली बाजू ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसा. सिलिका पावडर घालून लोण्याइतके दाट केलेले इपॉक्सी तिथे पसरा, प्लाय दाबून बसवा आणि पट्टीखालची पोकळीही त्याच लगद्याने भरा. प्लास्टिक घालून वाळूच्या पिशव्यांचे वजन ठेवा. दुसऱ्या दिवशी वर विणलेल्या फायबर कापडाचे तीन थर द्या. नेहमीची मॅट नको: तिच्यातले धागे धरून ठेवणारे बंधन पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळते, इपॉक्सीत नाही.

पाणी शिरले ते स्क्रूंच्या भोकांतून. तिथे वरून प्लायच्या आरपार, पण खालचा फायबर थर न कापता, १२ मिमीची भोके पाडा, दाट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध स्क्रूच्या मापाचे भोक पाडा आणि सीलंट लावून ३१६ प्रतीच्या, समुद्रात सहसा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा. मग लाकडाला पाणी लागणारच नाही.